रेषेचे मोल : बास्केटबॉलची कमान आणि कबड्डीची बोनसरेषा

खेळाचे नियम बदलले म्हणजे केवळ गुणांची मोजदाद बदलते, असा एक सोयीस्कर समज आहे. वस्तुतः नियमाबरोबर धाडस कशाला म्हणावयाचे हेच बदलते, आणि प्रेक्षकाची अभिरुचीही त्यामागोमाग चालू लागते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका मागे ठेवून बेळगाव-निपाणीचा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. तेव्हा आखलेल्या रेषेचे सामर्थ्य सीमाभागातील वाचकास वेगळे सांगावयास नको. येथे विचार करावयाचा आहे तो क्रीडांगणावरील दोन रेषांचा. त्यांपैकी एक परक्या खेळातील आहे. दुसरी आपल्या गावच्या मैदानावरची.

अमेरिकेतील एन.बी.ए. या व्यावसायिक संघटनेने १९७९-८० च्या हंगामापासून बास्केटबॉलच्या मैदानावर एक कमान आखली. तिच्याबाहेरून चेंडू टोपलीत टाकणाऱ्यास दोनांऐवजी तीन गुण. ही कमान टोपलीपासून मधोमध ७.२४ मीटर, तर कोपऱ्यांत सुमारे ६.७० मीटर दूर असते. आंतरराष्ट्रीय खेळाने १९८४ साली हा नियम स्वीकारला. तेथील अंतर आज ६.७५ मीटर आहे. पहिल्या हंगामात प्रत्येक संघ एका सामन्यात सरासरीने तीनदादेखील अशी फेक करीत नसे. २०२३-२४ च्या हंगामात ही सरासरी ३५ वर गेली. कारण साध्या त्रैराशिकाचे आहे. दुरून १०० फेकींपैकी ३६ साधल्या तर १०८ गुण होतात. कमानीच्या जरा आतून १०० पैकी ४२ साधल्या तरी गुण ८४ च. हा हिशेब एकदा उमगल्यावर आतल्या पट्ट्यातून फेक करण्याचे कारणच उरले नाही. स्टीफन करी याने २०१५-१६ च्या एकाच हंगामात अशा ४०२ फेकी साधल्या. टोपलीखालच्या उंच पुरुषांची मिरासदारी सैल झाली, मैदान मोकळे झाले, ही या नियमाची पुण्याई मान्य केलीच पाहिजे. परंतु मधल्या अंतरावरून थबकून, वळून, प्रतिपक्षाला चकवून केलेली फेक ही जी एक कला होती, ती त्या हिशेबात पुष्कळशी हरवली, हेही तितकेच खरे.

आता कबड्डीकडे वळू. पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदानरेषा असते आणि तिच्यापुढे एक मीटरवर बोनसरेषा. चढाई करणाऱ्याचे एक पाऊल बोनसरेषेपलीकडे पडले आणि त्याच क्षणी दुसरे अधांतरी असले, तर कोणालाही न शिवता एक गुण मिळतो. या रेषेमागे अंतिम रेषेपर्यंत अवघा पावणेदोन मीटरचा पट्टा उरतो आणि कोपऱ्यावरील गडी घोटा पकडण्यासाठी तेथेच टपलेला असतो. म्हणजे हा गुण फुकटचा नव्हे. अनुपकुमारसारख्या खेळाडूने तो सहज मिळवावा आणि पाहणाऱ्यास सोपा वाटावा, हे त्याचे कसब.

दोन्ही रेषांतील खरा भेद मात्र निराळाच आहे. बास्केटबॉलच्या कमानीला कोणताही लगाम नाही. समोर प्रतिस्पर्धी उभा असो वा नसो, तीन गुण ते तीनच. बोनसरेषेला दोन लगाम आहेत. पहिला असा, की समोर किमान सहा गडी असतील तरच हा गुण मिळतो. बचाव दुबळा झाला, की बक्षीसही संपते. दुसरा अधिक मार्मिक आहे. बोनसच्या गुणाने प्रतिपक्षाचा कोणी बाद होत नाही आणि आपला बाद झालेला गडी जिवंतही होत नाही. फलकावरील आकडा वाढतो, पण मैदानावरील बलाबल तसेच राहते. लोण चढवावयाचे तर गडी शिवावाच लागतो, पकड करावीच लागते. त्यामुळे बोनसने कबड्डीत एक शहाणपण आणले, परंतु तिचा जीव घेतला नाही.

२०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगचा नियम याच कसोटीवर घासून पाहावा. दोन चढाया निष्फळ गेल्या, तर तिसऱ्या चढाईत गुण मिळवावयाचा, नाही तर बाद व्हावयाचे. हेतू असा, की खेळ रेंगाळू नये. परिणाम पुष्कळदा उलटा होतो. आघाडीवरचा संघ पहिल्या दोन चढाया निव्वळ वेळ काढण्यात घालवितो आणि तिसरीत प्रतिपक्षही पकडीसाठी दबा धरून बसतो. दूरचित्रवाणीवर घड्याळ, कॅमेरे आणि जाहिराती यांच्या संगतीत हे नाट्य रंगते. गावच्या मातीत, फक्कीने आखलेली रेषा चार चढायांत पुसली जात असता, पाऊल अधांतरी होते की टेकले होते हे पंचाने केवळ डोळ्यांनी ठरवावयाचे असते. तेथे बोनसचाच निवाडा कठीण; त्यात आणखी नियमांची भर घातल्यास खेळापेक्षा वादच अधिक व्हावयाचे. २०२३ साली हांगचौ येथील आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, गुण २८-२८ असे बरोबरीत असताना, राखीव क्षेत्राचा जुना नियम लावावा की नवा यावरून भारत-इराण सामना सुमारे तासभर थांबला होता. भारताने तो ३३-२९ असा जिंकला खरा. परंतु एका सामन्यात दोन नियमावल्या नांदत नाहीत, एवढा धडा त्यातून घेण्यास हरकत नाही.

म्हणून आयोजकांना सुचवावेसे वाटते ते इतकेच. नवा नियम केवळ नवा म्हणून नाकारू नये, आणि पडद्यावर शोभला म्हणून स्वीकारूही नये. तो कोणत्या धाडसाला बक्षीस देतो, त्या बक्षिसाला लगाम कोणता, आणि आपल्या मैदानावर त्याचा निवाडा नीट होऊ शकेल काय, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. बोनसरेषा पहिल्या दोन प्रश्नांना उतरते. तिसऱ्यासाठी ठळक रेषा आणि रेषेवर नजर ठेवणारा आणखी एक पंच पुरेसा आहे. तिसऱ्या चढाईची सक्ती मात्र गावच्या मैदानापासून दूर राहिली तर खेळाचे काहीच बिघडणार नाही.