कापणं आणि हाणणं

गवत कापायच्या यंत्राची गोष्ट निघाली की लोक वेग विचारतात. एकर किती वेळात होतो, पेट्रोल किती जातं. भीमाशंकरच्या अंगाला राहणाऱ्यानं आधी वेगळं विचारावं: यंत्र पुढं गेल्यावर मागं जमिनीवर उरतं काय?

घाटमाथ्यावर वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस. दिवाळीला खालच्या उतारांवरचं गवत कमरेला लागतं. त्यात कुसळी असली तर घाई करावी लागते. कुसळ कडक झालं की ते जनावराच्या तोंडात रुततं. विळ्यानं कापणारी बाई डाव्या हातात मूठ धरते, बुडाशी विळा ओढते, मूठ शेजारी ठेवते. सगळे शेंडे एका अंगाला. मुठींची पेंढी, पेंढ्यांचा भारा, भाऱ्यांची गंजी. गवताच्या लांबीला किंमत होती. पूर्वी त्यानंच घरं शाकारायची, आणि भाताच्या रोपांसाठी राब भाजताना शेणापाचोळ्याबरोबर तेच पसरायचं. तुकडे झालेल्या गवताची पेंढी बांधता येत नाही, आणि पेंढी नाही तर वर्षभराची बेगमी नाही.

आता गावोगाव ग्रास कटर आलाय. खांद्याला पट्टा, पाठीमागं इंजिन, लांब दांडा, टोकाला नायलॉनची दोरी. पेट्रोलमध्ये लिटरला वीस ते चाळीस मिली ऑईल मिसळायचं आणि दोरी ओढायची. आमच्या आत्यानं तो पहिल्यांदा चालताना पाहिला आणि म्हणाली, "ह्ये गवात कापीत न्हाई रं, हाणतंय." कटरवर ह्याहून नेमकी टीका मी अजून ऐकलेली नाही. नायलॉनची दोरी गवताला धारेनं कापत नाही, फटक्यानं तोडते. तुकडे चहूकडं उडतात. शिवाय दोरी स्वतः झिजत जाते. ती झिजून जाते कुठं? गवतातच. ते गवत गोळा करून गाईपुढं टाकलं तर नायलॉनही तिच्या पोटात जाणार.

लॉन मोवरची कुळकथा पाहिली की ह्याचा उलगडा होतो. 1830 साली इंग्लंडात एडविन बडिंग नावाच्या माणसानं त्याचं पेटंट घेतलं. कल्पना सुचली होती कापड गिरणीतल्या यंत्रावरून, लोकरीच्या कापडावरची लव कापून ते गुळगुळीत करणाऱ्या. म्हणजे ह्या यंत्राच्या नजरेला गवत पहिल्यापासून कापडच आहे. वैरण नव्हेच. कापलेलं ते फेकायचं, उरलेलं ते बघायचं. डिंभ्याच्या पाण्याच्या बाजूनं शेतघरं झालीत, त्यांतल्या काहींना अशी लॉनं आहेत. मोवर फिरतो, ओलं बारीक गवत कुंपणापलीकडं पडतं, ढीग आतून तापतो, बुरशी धरतो. जनावराला ते घालू नये. वरच्या वाड्यांवर बाया उन्हाळ्यात हंडे घेऊन पाण्याला लांब चालत असतात, आणि खाली एप्रिलात लॉनवर फवारा उडतो, अशा गवतासाठी की जे कुणीच खाणार नाही. ह्या यंत्राशी माझं भांडण आहे ते इथं. आवाजाशी वगैरे नाही.

मग जुन्या ट्रॅक्टरवाल्यांचं काय? जुन्नरच्या पूर्वेला बागायतीत एकाकडं जुना इंटरनॅशनल बी-275 आहे, बाजूला कात्रीची पट्टी लावलेला. लसूणघास कापायला वापरतो. पट्टीतली त्रिकोणी पाती दातांमधून मागंपुढं सरकतात, ताट एकदाच कापलं जातं आणि आडवं पडतं. ट्रॅक्टर पुढं गेल्यावर मागं ओळ राहते, नुसती उचलून घ्यायची. वय झालेलं असूनही ते यंत्र विळ्याच्या घराण्यातलं आहे, मोवरच्या नाही. पण जुना म्हणून त्याची आरती मी करणार नाही. तो सपाटीचा गडी. आमच्या उतारावर आणला तर उलथेल, आणि आमचं चांगलं गवत असतं बांधावर, जिथं त्याचं चाकच बसत नाही. पश्चिम आंबेगावात जुन्या ट्रॅक्टरचे गोडवे गाणं म्हणजे डोंगरावर होडीचं कौतुक.

विळ्याचेही गोडवे पुरे झाले. वाकून कापणाऱ्या बाईची कंबर कुणी विचारली नाही. फुरसं गवतात दिसत नाही, हाताला लागतं तेव्हाच कळतं. पोरं चाकणच्या कारखान्यांत गेली, कापणारे हात म्हातारे झाले, गुरं कमी झाली. न कापलेलं गवत फाल्गुनात वाळून उभं राहतं आणि एका काडीनं सगळा डोंगर पेटतो. अशा वेळी कटर नको म्हणणं हे पुण्यात बसून म्हणायला सोपं.

ह्यावर तोड म्हणाल तर ती कटरमध्येच आहे. नायलॉन काढून धातूचं पातं बसवता येतं, आणि भात कापण्यासाठी पात्याच्या वर एक पत्र्याचं पंखासारखं आडोसं मिळतं. कापलेलं ताट त्याला टेकतं आणि दांडा फिरेल त्या बाजूला आडवं पडतं. आत्याच्या पुतवण्यानं, म्हणजे माझ्या चुलतभावाच्या पोरानं, ते मागच्या वर्षी बसवलं. दगड लागला की पातं बोथट होतं, आणि आमच्या रानात दगडांना तोटा नाही, म्हणून बांधाची कड तो सोडून देतो. त्या कडेला आत्या अजून विळा घेऊन बसते. मागं पडलेली ओळ तिनं हातानं चाळून पाहिली, शेंडे एका अंगाला आहेत का ते बघितलं, आणि पहिली पेंढी बांधली. "जरा ढिली व्हती," म्हणाली, "पर बांधली."