‘मुसाफिर’: संगणक उद्योगातील आत्मकथन

समाजसुधारक, कलावंत आणि कार्यकर्ते यांच्या आत्मकथनांनी मराठी आत्मचरित्राची परंपरा समृद्ध केली. त्या तुलनेत संगणक उद्योगाचे नेतृत्व केलेल्या व्यक्तींची आत्मकथने मोजकीच आहेत. या दृष्टीने अच्युत गोडबोले यांचे ‘मुसाफिर’ महत्त्वाचे ठरते. त्यातील दोन जीवनसूत्रांचा परस्परसंबंध तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पहिले सूत्र सामाजिक बांधिलकीचे आहे. सोलापुरात वाढलेला आणि मुंबईच्या आयआयटीत रासायनिक अभियांत्रिकी शिकलेला हा तरुण १९७० च्या दशकात शहाद्याच्या आदिवासी चळवळीत सामील होतो, तुरुंगवासही पत्करतो. दुसरे सूत्र व्यावसायिक यशाचे आहे. पटनी, सिंटेल, एल अँड टी इन्फोटेक अशा कंपन्यांत लेखकाने वरिष्ठ पदे सांभाळली. हा काळ भारतीय सॉफ्टवेअर उद्योगाच्या जडणघडणीचा होता. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस १९६८ मध्ये सुरू झाली. पटनीतून बाहेर पडलेल्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिस स्थापन केली. त्यामुळे या आत्मकथनाला सामाजिक दस्तऐवजाचे मूल्यही प्राप्त होते.

भूमिहीनांच्या बाजूने उभा राहिलेला तरुण आणि कंपनीचा सर्वोच्च अधिकारी यांच्यातील ताण हा या आत्मकथनाचा गाभा होय. लेखक तो लपवत नाही. परंतु शीर्षकातील प्रवासाचे रूपक हा ताण काहीसा सौम्य करते. प्रवाशाला मुक्काम मागे टाकता येतो; विचारांशी बांधलेल्या माणसाला ते तितके सोपे नसते. चळवळीने दिलेली दृष्टी व्यवस्थापकीय निर्णयांत कितपत टिकली, या प्रश्नाची अधिक कठोर चिकित्सा वाचकाला अपेक्षित असते.

या प्रश्नाचे अंशतः उत्तर लेखकाच्या पुढील ग्रंथकार्यात सापडते. ‘किमयागार’, ‘अर्थात’, ‘मनात’ या ग्रंथांतून त्यांनी विज्ञान, अर्थशास्त्र व मानसशास्त्र मराठी वाचकांपर्यंत नेले. ज्ञान ही मूठभरांची मिरासदारी राहू नये, ही चळवळीतील प्रेरणा येथे वेगळ्या रूपात प्रकटते, असे म्हणता येईल.

खडकवासल्यासारख्या पुण्याच्या सीमेवरील भागांतून आज अनेक विद्यार्थी संगणक क्षेत्राकडे वळतात. त्यांच्यापुढे यशाची व्याख्या बहुधा वेतनाच्या आकड्यांत मांडली जाते. यश मिळाल्यानंतर समाजाचे देणे कोणत्या भाषेत फेडायचे, हा प्रश्न ‘मुसाफिर’ त्यांच्यापुढे ठेवते. काही मर्यादा असूनही या आत्मकथनाचे खरे मोल त्यातच आहे.