मिस बेट्सची बडबड

जेन ऑस्टेनची ‘एमा’ डिसेंबर १८१५मध्ये प्रसिद्ध झाली. गावातल्या मेजवान्या, नाच, सहली, गैरसमज आणि अखेरीस जुळलेली तीन जोडपी असा तिचा ऐवज. हलकीफुलकी प्रेमकथा म्हणून ती वाचता येते आणि तशी वाचण्यात कमीपणा नाही. मीही पहिल्यांदा तशीच वाचली. मिस बेट्स बोलू लागली की मी सरळ पाने ओलांडत असे. आईच्या चष्म्याच्या निखळलेल्या खिळ्यावरून भाजलेल्या सफरचंदांवर घसरणारे तिचे बोलणे कथानकाच्या वाटेत उगाच आडवे येते, असे वाटे.

आपल्याखेरीज कुणाला फारशी आवडणार नाही अशी नायिका आपण घेत आहोत, असे ऑस्टेन म्हणाल्याची नोंद तिच्या पुतण्याने १८७०च्या आठवणींत केली आहे. एमा देखणी, हुशार, तीस हजार पौंडांची धनीण. वय एकविसाच्या उंबरठ्यावर. इतरांची लग्ने जुळवणे हा तिचा छंद. रॉबर्ट मार्टिन या शेतकऱ्याला नकार द्यायला ती हॅरिएटला भरीस पाडते आणि तिच्यासाठी गावचा पाद्री एल्टन हेरते. एल्टन मागणी घालतो ती एमालाच. इथवर आपण हसत असतो. अशा कादंबऱ्यांत नायिकेचा दोष बहुधा गालावरच्या तिळासारखा असतो. रूपाला बाधा येऊ नये इतपतच. निवेदनही बहुतांशी एमाच्या नजरेला चिकटून चालते, त्यामुळे तिच्या चुका आपल्याला आतून, तिच्याच कारणांसह दिसतात आणि माफ होतात.

बॉक्स हिलच्या सहलीत हे थांबते. खेळ असा: प्रत्येकाने एक फार चतुर गोष्ट सांगावी, नाहीतर दोन बेताच्या, नाहीतर तीन अगदी रटाळ. मिस बेट्स स्वतःवरच हसून म्हणते, तीन रटाळ गोष्टी मला सहज जमतील. त्यावर एमा सुचवते की अडचण संख्येची आहे, एका वेळी तीनवरच थांबावे लागेल. मिस बेट्सला टोमणा कळायला क्षणभर लागतो. ती रागावत नाही. चेहरा किंचित लाल होतो, आणि आपणच त्रासदायक झालो असू असे ती म्हणते. नाइटली पुढे एमाला खडसावतो ते मुख्यतः परिस्थितीवरून. ही बाई आधीच्या पाद्र्याची अविवाहित मुलगी, म्हाताऱ्या आईसह भाड्याच्या खोल्यांत राहणारी, आणि दिवसेंदिवस अधिकच गरीब होत जाणारी. तोलामोलाची असती तर गोष्ट वेगळी होती. परतताना गाडीत एमा रडते आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच बेट्सच्या घरी जाते.

तिथे मला माझी ओलांडलेली पाने आठवली. एमाने जे तोंडावर बोलून केले ते मी मुकाट्याने करत आलो होतो. शिवाय त्या पानांत कथेचे गुपित होते. फ्रँक चर्चिल एकदा सहज विचारतो, डॉक्टर पेरींच्या गाडी घेण्याच्या बेताचे काय झाले? हे आपल्याला कळवल्याचे तो जिचे नाव घेतो तिलाच ते ठाऊक नसते, तेव्हा स्वप्न पडले असेल म्हणून तो वेळ मारून नेतो. मिस बेट्स मात्र बोलता बोलता सांगून टाकते की बेत खराच होता, गुप्त होता, आणि तिच्या घरात, म्हणजे तिची भाची जेन फेअरफॅक्सलाही, तो माहीत होता. फ्रँक आणि जेन यांचा चोरून पत्रव्यवहार चालू असल्याची खूण त्या बडबडीत उघडी पडलेली असते. नाइटलीला संशय येतो. एमाला येत नाही, कारण ती ऐकतच नाही. ऑस्टेनने रहस्य लपवले आहे ते कंटाळवाण्या माणसाच्या तोंडात, आणि कोण पाने ओलांडणार हे तिने अचूक ओळखले होते.

माझी तक्रार हॅरिएटबद्दल आहे. तिचा बाप व्यापारी निघतो, ती मार्टिनशी लग्न करते, आणि दोघींची मैत्री पातळ होत जाणे कादंबरीला स्वाभाविक वाटते. इथे उपरोध आहे असे काहींना वाटेल. मला तो सापडला नाही. हॅरिएटचे मन नाइटलीवर बसलेले असताना एमाचे लग्न त्याच्याशी ठरते. ही बातमी तिला समोर बसवून सांगण्याचे बळ एमाजवळ नसते. हॅरिएटला दात दाखवायचे असतात, ते निमित्त साधून एमा तिला लंडनला आपल्या बहिणीकडे धाडते. मिस बेट्सच्या दारी स्वतः गेलेली एमा हॅरिएटला पत्र लिहिते.