मध्ययुग, प्रबोधनकाल आणि प्रौढ वाचकाची ग्रंथयादी

मध्ययुगाविषयी प्रौढ, जिज्ञासू वाचकाने काय वाचावे, या प्रश्नाचे मराठीतील रूढ उत्तर ऐतिहासिक कादंबरीपासून सुरू होते. 'स्वामी' (१९६२), 'श्रीमान योगी' (१९६८), 'राऊ' (१९७२), 'छावा' (१९७९) ही नावे अशा यादीत जवळजवळ गृहीतच असतात. युरोपीय प्रबोधनकालासाठी मात्र वेगळी यादी केली जाते आणि तीत बर्कहार्टचा १८६० चा ग्रंथ, मॅकियाव्हेली, चित्रशिल्पांचे इतिहास यांना स्थान मिळते. या दोन याद्या एकमेकींना कोठेही भेटत नाहीत. अभ्यासक्रमाच्या दृष्टीने ही विभागणी सोयीची असेल. परंतु प्रबोधनकालाने दिलेली चिकित्सक दृष्टी तिच्यामुळे मध्ययुगाच्या वाचनापासून दूर राहते. ही हानी किती मोठी आहे, हे सातारा आणि सांगली या परिसरातील लेखनाकडे पाहिले असता स्पष्ट होते.

प्रथम संज्ञांविषयी. 'मध्ययुग' ही कल्पनाच मुळी प्रबोधनकालीन मानवतावाद्यांच्या आत्मप्रतिमेतून निघालेली आहे. अभिजात प्राचीन काळ आणि आपला काळ यांच्यामधील अंतराला त्यांनी हे दुय्यम स्थान दिले. मराठीत ही संज्ञा उसनी आली आणि यादवकाळापासून १८१८ पर्यंतच्या दीर्घ कालपटाला ती लावली गेली. न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात संतांच्या चळवळीची तुलना युरोपातील धर्मसुधारणेशी केली. इतिहासाचार्य राजवाडे यांना संतांचे हे मूल्यमापन मान्य नव्हते. या वादाने मराठी इतिहासविचाराला गती दिली, हे खरे. परंतु त्यामुळे आपल्या मध्ययुगात 'प्रबोधन' होते की नव्हते, हाच प्रश्न मुख्य ठरला. शिवाय मराठीत 'प्रबोधन' या शब्दाला एकोणिसाव्या शतकापासून समाजजागृतीचा अर्थ चिकटलेला असल्याने युरोपीय प्रबोधनकालाचे एक अंग झाकले गेले. तो काळ जितका कलावंतांचा, तितकाच व्याकरणकारांचा आणि संहिता तपासणाऱ्या पंडितांचाही होता.

लोरेंझो वाल्ला याचे १४४० मधील कार्य या दृष्टीने उद्बोधक आहे. सम्राट कॉन्स्टंटाइनने पोपला पश्चिमेकडील सत्ता दान केल्याचे सांगणारा दस्तऐवज बनावट आहे, हे त्याने मुख्यतः भाषेच्या पुराव्यावरून दाखविले. त्या दानपत्रात रोमन अधिकाऱ्यांच्या पंक्तीत 'क्षत्रप' आले होते. चौथ्या शतकातील रोमन राज्यव्यवहारात हा शब्द बसत नाही, असा त्याचा आक्षेप होता. येथे एका शब्दाने सत्तेचा दावा खिळखिळा केला. हा लेख कोणी, केव्हा आणि कोणासाठी लिहिला, हे विचारण्याची सवय ही प्रबोधनकालाची खरी देणगी होय.

हा प्रश्न साताऱ्यात लिहिल्या गेलेल्या एका बखरीस विचारला, तर काय होते? मल्हार रामराव चिटणीस हे सातारच्या दरबारातील चिटणीस. शिवछत्रपती आणि त्यांच्या वंशजांची त्यांची चरित्रे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सिद्ध झाली. म्हणजे शिवछत्रपतींच्या १६८० मधील निधनानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी. लेखक ज्या घराण्यातील, त्या घराण्याचे मूळपुरुष बाळाजी आवजी यांना १६८१ साली संभाजी महाराजांच्या आज्ञेने देहदंड झाला होता. या बखरीतील संभाजीचे चित्र प्रतिकूल आहे. त्यात कुळाची वेदना किती आणि इतिहास किती, हे न विचारताच ते चित्र पुढे दीर्घकाळ वाचले गेले. १९१९ साली निधन पावलेल्या गडकऱ्यांच्या अपूर्ण 'राजसंन्यासा'तील विलासी संभाजी याच परंपरेतला आहे.

वा. सी. बेंद्रे यांच्या १९६० मधील चरित्राने समकालीन साधनांच्या आधारे हे चित्र बदलले. डॉ. कमल गोखले यांच्या 'शिवपुत्र संभाजी'ने तो शोध पुढे नेला. या दोन ग्रंथांनी जे साधले ते विद्वत्तेच्या क्षेत्रात राहिले; सर्वसामान्य वाचकाच्या मनातील बदल मात्र 'छावा'ने घडविला. कादंबरीचे हे सामर्थ्य नाकारण्याचे कारण नाही. परंतु वाचक एका निष्कर्षावरून दुसऱ्या निष्कर्षावर आला. निष्कर्ष कसा काढतात हे त्याला दिसले नाही. पूर्वी त्याने निंदेवर विश्वास ठेवला, नंतर गौरवावर. विश्वास ठेवण्याची रीत तीच राहिली. याउलट 'श्रीमान योगी'स नरहर कुरुंदकरांची जी प्रस्तावना लाभली, ती कादंबरीच्या दारातच इतिहासाचे प्रश्न उभे करते. कादंबरी आणि चिकित्सा एका मुखपृष्ठाखाली नांदू शकतात, याचे हे दुर्मिळ उदाहरण आहे.

अशी चिकित्सा या भूमीला परकी नव्हती. वाईस हाती आलेल्या कागदांतून राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड सिद्ध केला. पुढे त्यांनी १६२८, १६७७ आणि १७२८ या वर्षांतील पत्रे घेऊन त्यांतील फारसी शब्दांचे प्रमाण मोजले. शब्दाला साक्षीदार करण्याची ही रीत वाल्लाच्या रीतीची सख्खी बहीण आहे. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे यांनी शिक्षकाची नोकरी सांभाळून पटवर्धनांच्या दप्तरातील पत्रे 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'त संपादित केली आणि १९२४ मधील निधनापर्यंत हे काम चालविले. या दोघांना युरोपीय मानवतावाद्यांचे अनुयायी म्हणण्याची गरज नाही. दोन संस्कृतींत, भिन्न गरजांतून, एकाच प्रकारचे वाचन उदयास आले, एवढे पुरेसे आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. कादंबरी ही स्वायत्त कलाकृती आहे. तिच्यावर साधनचिकित्सेचे ओझे का लादावे? आक्षेप रास्त आहे. परंतु तो कादंबरीच्या मूल्यमापनाला लागू पडतो, तिच्या स्थानाला नव्हे. 'मध्ययुग समजून घेण्यासाठी वाचा' अशी शिफारस झाली की कादंबरीची स्वायत्तता शिफारस करणाऱ्यानेच मोडलेली असते. बखरीचेही तसेच. पुरावा म्हणून ती संशयास्पद ठरली, तरी मराठी गद्याचा एक समर्थ आविष्कार म्हणून तिचे मोल कमी होत नाही.

तेव्हा यादी नायकांच्या नावांनी न करता वाचनाच्या क्रमाने करावी. आरंभी तेराव्या शतकातील 'लीळाचरित्र', म्हणजे मध्ययुग हे केवळ राजांचे नव्हते, हे ध्यानी येईल. नंतर वाल्लाचा खंडनग्रंथ. मग चिटणिसांची बखर आणि तिच्या शेजारी बेंद्रे. खऱ्यांच्या संग्रहातील काही पत्रे. कादंबरी सर्वांत शेवटी. तोवर वाचक तिच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलू शकेल.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयातील असंख्य ग्रंथ भिजून नष्ट झाले. अशा आपत्तीनंतर कपाटे पुन्हा भरताना प्रत्येक शिफारस ही निवड ठरते. लोकप्रिय कादंबरीच्या प्रती पुन्हा मिळतात. साधनग्रंथांच्या जुन्या आवृत्त्या सहसा मिळत नाहीत. वाचकाने कोणते मध्ययुग पाहावे, हे पुष्कळदा त्याच्या हाती येण्यापूर्वीच, कपाटात काय ठेवले यावरून ठरलेले असते.