एक लाइटसेबर, दोन दिग्दर्शक

'द फोर्स अवेकन्स'च्या शेवटी रे एका बेटाच्या दगडी पायऱ्या चढून वर जाते. वर ल्यूक स्कायवॉकर पाठमोरा उभा असतो. तो वळून बघतो, ती त्याचा जुना लाइटसेबर पुढे करते, आणि सिनेमा संपतो. दोन वर्षांनी 'द लास्ट जेडाय'मध्ये ल्यूक तो हातात घेतो आणि खांद्यावरून मागे भिरकावून देतो. आणखी दोन वर्षांनी, 'द राइज ऑफ स्कायवॉकर'मध्ये, रे तोच लाइटसेबर आगीत फेकते. ज्वाळांतून ल्यूकचं भूत बाहेर येतं, तो अलगद झेलतं आणि जेडायच्या शस्त्राचा मान राखायला हवा असं तिला सुनावतं.

ते बोलणं रेसाठी नव्हतंच. आधीच्या दिग्दर्शकाला मारलेला तो टोमणा होता. २०१९च्या डिसेंबरमध्ये थिएटरात त्यावर टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. आता त्या टाळ्यांची लाज वाटते, आणि का वाटते ते शोधायला मी हे लिहायला बसलोय.

ऑक्टोबर २०१२मध्ये डिस्नेने जॉर्ज लुकसची कंपनी सुमारे ४०५ कोटी डॉलरना विकत घेतली. नवी चित्रत्रयी होणार हे त्याच दिवशी जाहीर झालं. लुकसने पुढच्या कथांचे आराखडे सोबत दिले होते. ते वापरायचे नाहीत असं नव्या मालकांनी ठरवलं, आणि त्यामुळे लुकस दुखावला, हे डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनीच पुढे आपल्या आत्मचरित्रात लिहिलं आहे. म्हणजे घर घेतलं, पण घराचा नकाशा बाजूला ठेवला. त्यात काही वाईट नाही. वाईट हे, की दुसरा नकाशाही काढला नाही. तीन भागांसाठी वेगवेगळे दिग्दर्शक निवडले: जे. जे. अब्राम्स, रायन जॉन्सन आणि कॉलिन ट्रेव्हॉरो. म्हणजे एका कीर्तनकाराने पूर्वरंग रंगवायचा, दुसऱ्याने उत्तररंग, आणि आख्यान कुठलं हे कुणालाच ठाऊक नाही.

अब्राम्सची निवड का झाली हे कळायला अवघड नाही. २००९चा 'स्टार ट्रेक' त्याने झकास केला होता. गंमत म्हणजे आपण 'स्टार ट्रेक'चे चाहते नव्हतो, आपलं प्रेम 'स्टार वॉर्स'वर, हे तो उघड सांगायचा. एक मालिका तिच्याबद्दल फारसं ममत्व नसलेल्या माणसाने जिवंत केली, आणि त्याचं बक्षीस म्हणून त्याला त्याच्या लाडक्या मालिकेची किल्ली मिळाली. मला वाटतं घोळ इथेच झाला. 'ट्रेक'मध्ये त्याचा हात मोकळा होता. 'वॉर्स'मध्ये तो सोवळ्यात वावरला. वाळवंटातलं पोरकं पोर, यंत्रमानवात लपवलेली गुप्त माहिती, ग्रह उडवणारं अवाढव्य अस्त्र: १९७७चा सगळा नैवेद्य त्याने पुन्हा त्याच क्रमाने वाढला. लोकांना तो आवडला. २०० कोटी डॉलरच्या वर गल्ला जमला. मलाही आवडला होता, आणि आजही त्यातली रे मला त्या सबंध चित्रत्रयीत सगळ्यात जास्त जिवंत वाटते.

जुन्या चित्रत्रयीकडे वळून बघा. १९८०च्या 'एम्पायर स्ट्राइक्स बॅक'साठी लुकसने निवडला अर्विन कर्शनर. तो लुकसचा फिल्म स्कूलमधला शिक्षक, वयाने पन्नाशी उलटलेला, नाव होतं ते माणसांच्या छोट्या गोष्टी सांगण्यासाठी. अवकाशयानांशी त्याचा काही संबंध नव्हता. त्याला चेहऱ्यांत रस होता. हान सोलोला गोठवण्याआधी लिया प्रेमाची कबुली देते आणि तो आपल्याला ते ठाऊक असल्याचं सांगतो, ते प्रसिद्ध उत्तर कर्शनर आणि हॅरिसन फोर्ड यांनी सेटवर घोळवून घोळवून काढलं होतं. 'जेडाय'साठी लुकसने डेव्हिड लिंचलाही विचारलं होतं. लिंचने नकार दिला आणि तो 'ड्यून'कडे गेला. (तो 'जेडाय' कसा झाला असता याचा विचार मी झोप येत नसली की करतो.)

'स्टार ट्रेक'चंही तेच. १९८२चा 'द रॅथ ऑफ खान' करणाऱ्या निकोलस मायरला ती मालिका धड माहीत नव्हती. त्याला तिच्यात हॉर्नब्लोअरच्या जुन्या आरमारी कादंबऱ्या दिसल्या, आणि त्याने अवकाशात जहाजांची लढाई लावली. चाहते आजही त्याच सिनेमाच्या आणाभाका घेतात.

मग दिग्दर्शक परकाच हवा का? तसंही नाही. डेनिस व्हिलनव्हचं मूळ 'ब्लेड रनर'वर जिवापाड प्रेम होतं, आणि त्याने २०१७मध्ये 'ब्लेड रनर २०४९' केला तो मला या सगळ्या पुनरुज्जीवनांत सरस वाटतो. तिकीटबारीवर तो पडला, हेही खरं. पण त्याच्या प्रेमाची जात निराळी होती. नायकाला आपण खास आहोत असं वाटू द्यायचं आणि मग तो भ्रम काढून घ्यायचा, एवढं धाडस त्या प्रेमात होतं.

जॉन्सनने 'द लास्ट जेडाय'मध्ये हेच केलं. रेचे आईबाप कोण? कुणीच नाहीत. दारूच्या पैशांसाठी पोर विकणारी दोन फाटकी माणसं. मोठ्या घराण्यात जन्मल्याशिवाय या विश्वात कुणी मोठं होत नाही, या समजाला तो सुरुंग होता. आपल्याकडे आडनाव विचारून माणूस जोखणाऱ्यांच्या गर्दीत वाढलेल्या मला तो प्रसंग पहिल्यांदा पाहताना आवडला नव्हता, हे कबूल करतो. इतकी वर्षं वाट पाहिली आणि आडनावच नाही? तो सलतो, म्हणून लक्षात राहतो. सिनेमा निर्दोष नाही. कॅसिनोच्या शहरातला भाग लांबतो, फिनच्या हाताला काही लागत नाही. पण त्या माणसाला काहीतरी म्हणायचं होतं.

पुढची दंतकथा तुम्ही ऐकली असेल: चाहते भडकले, डिस्ने घाबरलं आणि अब्राम्सला परत आणलं. मीही ती बरीच वर्षं सांगत होतो. तारखा मात्र जुळत नाहीत. ट्रेव्हॉरो बाहेर पडला आणि अब्राम्स परतला सप्टेंबर २०१७मध्ये. 'द लास्ट जेडाय' लागला डिसेंबरमध्ये. म्हणजे एकही शिवी पडण्याआधी सुरक्षित माणूस परत बोलावला गेला होता. त्याच वर्षी जूनमध्ये 'सोलो'चं चित्रीकरण निम्म्याहून जास्त झालेलं असताना फिल लॉर्ड आणि क्रिस मिलर यांना काढून रॉन हॉवर्डला आणलं होतं. चाहत्यांना दोष देणं सोपं आहे, आणि काही बाबतींत रास्तही: केली मरी ट्रॅनला इतका छळ सोसावा लागला की २०१८मध्ये तिने इन्स्टाग्रामवरच्या पोस्ट काढून टाकल्या. पण दिग्दर्शक निवडणाऱ्यांची भीती त्याच्याही आधीची. धाडसी माणूस आणायचा आणि त्याने धाडस केलं की दचकायचं, अशी ती रीत.

अब्राम्सबद्दल मला राग नाही. कॅरी फिशर डिसेंबर २०१६मध्ये गेली होती, आणि लियाचे प्रसंग जुन्या उरलेल्या चित्रीकरणातून जोडायचे होते. दोन वर्षांत, दुसऱ्याने वेगळ्याच वाटेवर नेलेल्या गोष्टीचा शेवट करायचा. तो कुणालाही जड गेला असता. पण त्याने शेवट केला नाही, दुरुस्त्या केल्या. रे पॅल्पटीनची नात निघाली. म्हणजे आडनाव परत आलं. मेलेला पॅल्पटीन परतल्याची बातमी तर सिनेमाआधी 'फोर्टनाइट' या गेममध्ये ऐकवली गेली. आणि ट्रॅनच्या वाट्याला उरलं जेमतेम सव्वा मिनिट. ज्यांनी तिला छळलं त्यांना याहून चांगली भेट काय देणार?

या विश्वातलं अलीकडचं सगळ्यात दमदार काम आलं टोनी गिलरॉयकडून, आणि 'स्टार वॉर्स'बद्दल आपल्याला कधी भक्तिभाव नव्हता असं तो स्वतःच म्हणतो. 'रोग वन' सावरायला आलेला हा लेखक पुढे 'अँडॉर' घेऊन आला. त्यात जेडाय नाही, भाकीत नाही, स्कायवॉकर नाही. आहेत ते कारकून, कैदी, सभा, आणि एका तुरुंगात पाळीमागून पाळी सुटे भाग जोडणारी अनवाणी माणसं. मालिकेच्या पहिल्या पर्वात त्या माणसांना कळतं की इथून कुणीच सुटत नाही, आणि पांढऱ्या लादीवरून ती धावत सुटतात. मी तो भाग मोबाइलवर, बसमध्ये, कानात इअरफोन घालून पाहिला. माझा स्टॉप मागे गेला. टाळ्या वाजवायचं सुचलं नाही.