पुनर्वसन कोणाचे आणि कशासाठी?

अतिरेकी कारवायांच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या तरुणांना सवलत द्यावी की नाही, या वादात दोन्ही बाजूंची भाषा मला सारखीच सदोष वाटते. एक बाजू म्हणते, देशद्रोह्यांना दया नाही. दुसरी म्हणते, भरकटलेली पोरे आहेत, पदरात घ्या. पहिलीच्या लेखी तो शत्रू, दुसरीच्या लेखी अजाण बालक. तो विचार करणारा आणि आपल्या कृत्याचा जाब देऊ शकणारा माणूस आहे, हे कोणीच धरून चालत नाही. ज्यांचे माणूसपण पिढ्यान्‌पिढ्या नाकारले गेले, त्यांच्या चळवळीने तरी ही भाषा उसनी घेऊ नये.

मी लोणखेड्यात राहतो. शहादा-तळोद्याच्या या पट्ट्यात 'पुनर्वसन' हा शब्द शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही ठाऊक आहे. सरदार सरोवराच्या बुडितातून उठवलेली अक्कलकुवा-अक्राणीची अनेक आदिवासी कुटुंबे याच तालुक्यांत वसविली गेली. १९७९ च्या नर्मदा लवादाने त्यांना जमिनीच्या बदल्यात जमीन, आणि तीही बुडिताच्या आधी, असा हक्क दिला. तो पदरात पाडून घेण्यासाठी त्यांना वर्षानुवर्षे लढावे लागले. पण मागणी हक्काची होती, उपकाराची नव्हती. हा फरक मनाशी ठेवून शासनाचा व्यवहार तपासला पाहिजे.

गडचिरोलीतल्या नक्षलवाद्यांसाठी राज्य शासनाची आत्मसमर्पण योजना २००५ पासून आहे. शस्त्र खाली ठेवणाऱ्यास रोख रक्कम, घर, रोजगार यांसाठी साह्य मिळते. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी माओवादी पक्षाचा वरिष्ठ नेता भूपती ६० साथीदारांसह मुख्यमंत्र्यांपुढे शरण आला. रक्तपात थांबत असेल तर या योजनेला माझा विरोध नाही. परंतु आता मुंबईच्या मालवणीकडे पाहू. 'इसिस'शी संबंध ठेवल्याबद्दल तिथल्या प्रकरणात दोन तरुणांना २०१६ मध्ये अटक झाली. त्यांनी गुन्हा कबूल केला आणि जानेवारी २०२२ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना ८ वर्षांची शिक्षा दिली. निकालाच्या दिवशी जवळपास ६ वर्षे कच्च्या कैदेतच सरली होती. बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यातील २००८ च्या दुरुस्तीने जामीन इतका अवघड केला आहे की खटला हीच शिक्षा होऊन बसते. ज्या देशात १९५८ च्या परिवीक्षा कायद्याने, जन्मठेपेपर्यंत न जाणाऱ्या गुन्ह्यांत, २१ वर्षांखालच्या आरोपीला शक्यतो तुरुंगात धाडू नये हे तत्त्व मान्य केले, त्याच देशात हे घडते.

आणि ज्यांच्या हातात डफ होता त्यांचे काय? पुण्याच्या कबीर कला मंचाचे शीतल साठे आणि सचिन माळी एप्रिल २०१३ मध्ये विधानभवनापाशी येऊन स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन झाले. त्यांच्यावरील आरोप सिद्ध झालेला नव्हता. तरीही माळी यांना सर्वोच्च न्यायालयाकडून जामीन मिळायला जानेवारी २०१७ उजाडला. टाकायला बंदूक असेल त्याच्यासाठी योजना, आणि नसेल त्याच्यासाठी तारखा, असा हा उलटा न्याय आहे. यातून वस्तीतल्या पोराने कोणता धडा घ्यावा?

येथे एक आक्षेप गंभीरपणे ऐकला पाहिजे. १ मे २०१९ रोजी जांभूळखेड्याच्या सुरुंगस्फोटात १५ पोलीस आणि त्यांचा चालक मारला गेला. खबऱ्या ठरवून ठार केले गेले तेही बहुतेक आदिवासीच. त्या घरांना वगळून सवलतीची चर्चा करण्याचा अधिकार आपल्याला नाही. डॉ. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये अंगुलिमालाच्या परिवर्तनाला जागा दिली आहे. मूळ सुत्तात पुढचा भाग आहे. राजाने त्याला अभय दिले, पण भिक्षेला निघालेल्या अंगुलिमालाला लोकांनी दगडांनी फोडले, आणि बुद्धाने त्याला ते सोसायला सांगितले. राजा फार तर शिक्षा टाळू शकतो. माणूस परत घेण्याचे काम समाजाचे असते, आणि केलेल्याची कबुली दिल्याशिवाय ते पुरे होत नाही.

नुसती नोकरी दिली म्हणजे पुनर्वसन झाले, असेही समजू नये. हा प्रयोग खानदेशात दोनशे वर्षांपूर्वी झाला आहे. १८२५ साली इंग्रजांनी बंडखोर भिल्लांना माफी दिली, तगाई दिली आणि आऊट्रमच्या हाताखाली भिल्ल पलटण उभारून त्यांच्याच भाईबंदांवर बंदोबस्ताला नेमले. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा खाज्या नाईक इंग्रजांचाच चाकर होता. त्याला शिक्षा झाली, सुटका झाली, पुन्हा चाकरीही मिळाली. १८५७ मध्ये तो बंडात उतरला आणि १८५८ साली आंबापाणीला इंग्रजी फौजेशी लढाई झाली. जमीन आणि जंगल गेले ते गेलेच होते.

याच मातीत दुसरा अनुभवही आहे. १९७१ मध्ये पाटीलवाडीला भुकेल्या भिल्लांवर गोळीबार झाला. त्या संतापाला हिंसेची वाट सोपी होती. पण अंबरसिंग सुरतवंतींसारखे कार्यकर्ते होते, १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली, आणि सालदाराच्या पोराला मोर्चात, सभेत, गाण्यात बोलायला जागा मिळाली. ती जागा असणे हेच खरे पुनर्वसन. ते तुरुंगात जाण्याच्या आधीही होऊ शकते.

म्हणून चळवळीने दयेचे अर्ज लिहू नयेत. खटले वेगाने चालवा, तुरुंगात शिक्षण आणि कायद्याचे साह्य द्या, सुटलेल्याला पोलिसांचा हस्तक होण्याची अट घालू नका, आणि पीडित कुटुंबांना या प्रक्रियेत बोलावा, अशा मागण्या मांडाव्यात. सुटून आलेला तरुण उद्या आपल्या वस्तीत भाड्याची खोली मागायला येईल. त्याला ती आपण देणार आहोत काय, हे शिक्षक, विद्यार्थी आणि कार्यकर्ते यांनी आजच ठरवले पाहिजे.