कारावाज्जोचे ‘कुमारीचे मरण’

इटालियन चित्रकार कारावाज्जो (१५७१–१६१०) ह्याच्या ‘कुमारीचे मरण’ ह्या चित्राची चर्चा बहुधा त्यातील छायाप्रकाशापाशीच थांबते. आम्हांस येथे निराळा प्रश्न विचारावयाचा आहे : हे चित्र वेदीवर ठेवण्यास योग्य होते काय?

रोममधील सान्ता मारिया देल्ला स्काला ह्या अनवाणी कार्मेलाईट संन्याशांच्या ख्रिस्तमंदिरासाठी लाएर्त्सिओ केरुबिनी ह्या कायदेपंडिताने १६०१ मध्ये हे चित्र करावयास सांगितले. ते तयार झाल्यावर मात्र संन्याशांनी नाकारले. मृतदेह फुगलेला आहे, पाय उघडे आहेत, आणि मरियेसाठी एका गणिकेस समोर बसविले होते, अशी कारणे जुन्या चरित्रकारांनी नोंदविली आहेत. पुढे १६०७ मध्ये रुबेन्सच्या सल्ल्यावरून मान्तोव्हाच्या ड्यूकने ते विकत घेतले. आज ते पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.

चित्राची उंची सुमारे पावणेचार मीटर. तांबड्या वस्त्रातील मरिया आखूड शय्येवर निश्चेष्ट पडली आहे. एक हात बाजूस लोंबतो आहे. प्रेषित भोवती उभे आहेत. एकाने हातांनी डोळे झाकले आहेत. पुढे बसलेली मग्दालिया इतकी वाकली आहे की तिचा चेहरा दिसत नाही. पायांशी तांब्याचे पात्र आहे. देवदूत एकही नाही. मस्तकाभोवती प्रभावलयाची बारीक रेषा तेवढी आहे.

देहाविषयीचा आक्षेप आम्हांस मान्य नाही. मरियेचे आत्मा व शरीर ह्यांसह स्वर्गोन्नयन झाले, हा सिद्धांत बाराव्या पायस ह्यांनी १ नोव्हेंबर १९५० रोजी घोषित केला. तिचे ऐहिक जीवन संपल्यावर ते झाले, एवढेच तेथे म्हटले आहे. मरणाचा निर्णय मुद्दाम मोकळा ठेवला आहे. तथापि ती मरण पावली, ही परंपरा प्राचीन आहे. जे शरीर उचलले गेले ते मानवी शरीरच होते. ते जड व थंड झालेले दाखविण्यात तिचा अवमान कसा होतो?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : येथे आशा कोठे आहे? ह्या चित्राच्या जागी कार्लो साराचेनीने काढलेल्या चित्रात मरिया बसलेली असून वर देवदूतांचा मेळा आहे. भाविकास तेथे उत्तर आयते मिळते. कारावाज्जोच्या खोलीत डावीकडून वरून उतरणारा प्रकाश मरियेच्या मुखावर आणि मग्दालियेच्या मानेवर पडतो. परंतु शोक करणाऱ्यांपैकी कोणीही त्याकडे पाहत नाही. केवळ चित्रापुरते बोलायचे तर ही उणीव आम्हांस खरी वाटते.

परंतु वेदीवरील चित्र एकटे नसते. त्याच्यासमोर धर्मगुरू मिस्सा अर्पण करतो आणि मरून उठलेल्या प्रभूचे शरीर उंच धरतो. भाविकाच्या दृष्टीस वर मातेचा मृतदेह आणि खाली पुत्राचे जिवंत शरीर एकाच वेळी पडले असते. चित्र जे सांगत नाही ते उपासना सांगते. म्हणून आमच्या मते हे चित्र वेदीस योग्यच होते. संग्रहालयाच्या भिंतीवर मात्र ते अर्धेच वाचले जाते. तेथे केवळ शोक उरतो. आमच्या विद्यार्थ्यांनी त्याची प्रतिकृती पाहताना खालची ती वेदी मनात धरावी, आणि मृताच्या घरी बोलताना शोकास घाईने गप्प करू नये.